कोमोलोची माती

मोम्बासा,
१४ फेब्रुवारी १९९१

प्रिय अविटी,

तुझा डबा पोचला. बसचा कंडक्टर ओबिएरो स्वतः दारात आणून देऊन गेला, आणि वर विचारतो, "यात काय दगड भरलेत?" मी म्हटलं, दगडच आहेत. तो गालातल्या गालात हसला. गरोदर बाईच्या डब्यात काय असतं हे आपल्याकडच्या पुरुषांना चांगलं ठाऊक असतं, फक्त विचारायचं नसतं. झाकण उघडलं तर तुझ्या चुलीच्या धुराचा वास. उभ्या उभ्याच एक खडा तोंडात टाकला. इथल्या बाजारात ओडोवा मिळत नाही असं नाही, पण ती माती टाळूला चिकटते. आपल्या टेकडीची कशी विरघळते! डोहाळे म्हणजे दुसरं काही नाहीच मला.

आता मुख्य गोष्ट सांगते. हसू नकोस. माझं काळीज चुकतंय.

फळ्यावर लिहिता लिहिता मधेच एक ठोका येतच नाही. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं धस्स होतं. मग पुढचा ठोका इतक्या जोरात येतो की वाटतं, पहिल्या बाकावरच्या पोरांना ऐकू गेला. कधी पाच-सहा ठोके एकमेकांच्या अंगावर पडत धावतात आणि थांबतात. तेवढा वेळ मी टेबलाची कड धरून उभी असते. पुढचा येतोय का, याची वाट बघत.

ओगुटू म्हणतो, पहिलटकरणीला असं व्हायचंच. तो फेरीबोटीवर काम करतो, त्याला इंजिनाचे आवाज कळतात, बायकोचे नाही. मला भीती वाटते, अविटी. माझं काळीज थांबलं तर आत जे आहे त्याचं काय होईल? ते तर माझ्याच काळजावर चाललंय ना? हे मी इथे कोणाशी बोलू शकत नाही, म्हणून तुला लिहिते.

तुझी,
अपोंडी


कोमोलो,
३ मार्च १९९१

ए मास्तरणी,

तुझं पत्र वाचून इतकी हसले की जाळीवरचे मासे करपले. सासूने आतून विचारलं, "काय गं, कोण मेलं?" मी म्हटलं, अजून कोणी नाही, पण अपोंडी तयारीत आहे.

काळीज चुकतंय म्हणे! आणि आता लगेच डॉक्टरकडे धावू नकोस, कारणं मी सांगते. दिवसभर तो काळाकुट्ट चहा ढोसतेस. पाय म्हणून वापरत नाहीस, जिथे तिथे गाडी. रात्री पंख्याखाली उघडी झोपतेस. आणि खरं कारण ऐक, तुझी आजी. म्हातारी जिवंत असताना तरी कधी दारात थांबली का? बाळाला आपलं नाव द्यावं असं तिला हवंय. आतून दार वाजवतेय. "हो आजी, तुझंच नाव ठेवते" असं मोठ्याने म्हण, म्हणजे गप्प बसेल. मुलगा झाला तर बघू पुढचं पुढे.

आता माझी बातमी. मलाही दिवस गेलेत. तुझ्यामागे दीडेक महिना असेन. इतके दिवस कोणाला बोलले नाही, तुलाही नाही. आधीची दोघं गेली तेव्हा गावभर आधी सांगून बसले होते, या खेपेला तोंडाला कुलूप. माझा ओकेच तर असा चालतो माझ्याभोवती जसं काही मी अंड्यांची टोपली. मी त्याला म्हटलं, बाबा रे, मी अविटी आहे, म्हणजे टाकलेली. माझ्या आधीची माझ्या आईची दोन गेली, म्हणून मला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून आले आणि शेजारणीने "अगं बाई, कोणाचं हे टाकलेलं" म्हणत उचलून आणलं. मरणाने लांबून पाहिलं आणि म्हणालं, टाकाऊ माल आहे, चला पुढे. ते अजून माझ्याकडे बघत नाही. टाकलेलीला कोण नेतंय?

बाकी सगळं ठीक. यंदा कुदळ कोणी जड करून ठेवली कोण जाणे. अर्धा वाफा झाला की हात गळतात. सासू म्हणते आळस. असेलही.

डबा भरून पाठवतेय, या खेपेला मोठा. टेकडीवर मीच खणली, माशांच्या वरच्या फळीवर धुरात सुकवली. छातीत काही झालं की एक खडा चघळ, सगळं खाली बसतं. मी तर कमरेला गुंडाळलेल्या लेसोच्या टोकाला बांधूनच हिंडते. सकाळी गाठ भरलेली असते, दुपारी रिकामी.

तुझी,
अविटी


मोम्बासा,
२९ मार्च १९९१

प्रिय अविटी,

तुझी बातमी वाचून रडले. आनंदाने गं, शिव्या देऊ नकोस. यावेळी नीट होणार, बघ तू.

मी आजीला नाव कबूल केलं. मोठ्याने, न्हाणीघरात उभी राहून. चार-पाच दिवस बरं वाटलं. ओबिएरोची बस बंद पडली होती, पहिला डबा संपला होता आणि तुझा मोठा डबा वाटेत अडकला होता. खायला खडा नाही म्हणून मी नुसती चिडचिड करत होते, पण काळीज मात्र शहाण्यासारखं चाललं. मला वाटलं आजी खूश झाली. मग डबा आला, मी पोटभर खाल्ली, आणि पुढच्या आठवड्यात ती पुन्हा दार वाजवायला लागली. म्हातारी रुसली कशावर, सांग बरं.

शेवटी मी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई इथल्या किनाऱ्यावरच्याच आहेत, हळू बोलतात, हसत नाहीत. छातीला आणि मनगटांना तारा लावून त्यांनी काळजाचा आलेख काढला. कागदावर टेकड्या ओळीने चालल्या होत्या. मधेच एक टेकडी घाईने आली आणि मग नुसता सपाट कागद. बाईंनी त्या सपाट जागेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मी विचारलं, "मी मरणार का?" त्या म्हणाल्या, "चहा किती पितेस?"

मग प्रश्नच प्रश्न. लहानपणी घसा धरून सांधे सुजले होते का. गळा चाचपला, तिथल्या गाठीनेही काळीज धावतं म्हणे. रक्त कमी असलं तरी धावतं, काळजीने धावतं. तंबाखू ओढतेस का, नशेची मिरा चघळतेस का? मी म्हटलं, बाई, मी शिक्षिका आहे. कोणी पाला-मुळी दिली, काढा दिला? नाही. काय काय खातेस? सगळं सांगितलं, मक्याची उगाली, भाजी, मासे, नारळातला भात, रविवारी कोंबडी. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, चहा बंद कर, परत ये.

चहा बंद केला. डोकं दुखतं, आणि काळीज चुकायचं ते चुकतंच. आता मी चहाच्या वेळेलाही तुझा खडाच तोंडात ठेवते, तेवढंच सुख. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकेने पाहिलं आणि म्हणाली, "अपोंडी, ओठ पूस, खडू लागलाय." मी पुसला.

रात्री डाव्या कुशीवर झोपले की उशीत ठोके ऐकू येतात. मी उजव्या कुशीवर झोपते. तरी ऐकतच असते.

तुझी,
अपोंडी


कोमोलो,
२१ एप्रिल १९९१

मास्तरणी,

तुझी डॉक्टरीण भली दिसते. चहा तोडला, हे मी फुकट सांगितलं होतं.

इकडे गंमत ऐक. परवा पाण्याहून येत होते. आपल्या त्या मोठ्या अंजिराखाली पोचले आणि पाय म्हणाले, आम्ही नाही येत. खरंच सांगते! दुखलं नाही, खुपलं नाही, नुसती खाली बसले. घागर डोक्यावरून सरकली ती थेट उतारावर. उठायला गेले तर मांड्या कापसाच्या. मला इतकं हसू आलं! शाळेतून येणाऱ्या पोरींनी मला दोन्ही बाजूंनी धरून घरी आणलं. सासूबाई दारातच उभ्या. "राणीसाहेब आल्या का पालखीतून?" मी म्हटलं, आल्या, पाय धुवायला पाणी आणा. ते पाणी तर रस्त्यावर सांडलेलं!

ओकेच दवाखान्यात चल म्हणून मागे लागला होता. मी त्याला सांगितलं, पोट वाढायला लागलं की असंच होतं, तुला काय कळतंय. त्याला मागच्या वेळचं आठवतं. मला आठवायचं नाही. दोघांना जिथे पुरलंय त्या केळीच्या बुंध्याशी मी आता जातही नाही, वळसा घालून जाते.

खायला म्हणशील तर उगाली घशाखाली उतरत नाही. माती तेवढी गोड लागते. टेकडीवर चढवत नाही म्हणून पोरींना पाठवते खणायला.

बरं, एक सांग. असंच विचारते हं. ते तुझं काळीज चुकतं तेव्हा नेमकं कसं वाटतं? म्हणजे छातीत मासा उलटल्यासारखं? जाळ्यातून नुकता काढून होडीत टाकलेला? का आणखी वेगळं? सहज आपलं, गप्पांना विषय.

डबा पाठवते. या खेपेची माती फार छान निघाली आहे.

अविटी


मोम्बासा,
१२ मे १९९१

अविटी,

हे पत्र मिळाल्या मिळाल्या लेसोची गाठ सोड आणि त्यातलं सगळं चुलीत टाक. आधी टाक, मग पुढचं वाच.

गेल्या सोमवारी मी वर्गात पडले. अंजिराखाली तू बसलीस ना, अगदी तशीच. पाय कापसाचे. पोरं किंचाळली. मला हॉस्पिटलात नेलं तेव्हा काळजाने ताल सोडला होता, नुसता गोंधळ. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. रक्तात पोटॅशियम नावाचं एक मीठ असतं, त्याच्यावर काळीज तालात चालतं आणि पायांत जोर राहतो म्हणे. माझ्यात ते जवळजवळ उरलंच नव्हतं. बाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या. उलट्या होतात का, जुलाब होतात का, रेच घेतेस का. नाही, नाही, नाही. सलाईनमधून घालत होते तरी चढावं तसं चढत नव्हतं. त्या बाहेर जाऊन दुसऱ्या डॉक्टरशी कुजबुजल्या. मला वाटलं, संपलं. माझी मनातल्या मनात पोराची माफी मागून झाली होती.

संध्याकाळी ओगुटू घरून माझी पिशवी घेऊन आला. मीच सांगितलं होतं, डबा विसरू नको म्हणून. त्याने तो खाटेशेजारी ठेवला. बाईंना वाटलं बिस्किटं असतील, उघडून पाहिला. मग त्या खुर्ची ओढून बसल्याच.

"हे काय आहे?"

"ओडोवा."

"खातेस?"

"सगळ्याच खातात की, बाई."

"मी तुला विचारलं होतं, काय काय खातेस."

"तुम्ही खाण्याचं विचारलंत. ही माती आहे."

अविटी, मी खोटं बोलले नव्हते गं. माझ्या डोक्यातच आलं नाही. काढा म्हणजे औषध, उगाली म्हणजे अन्न, आणि ओडोवा म्हणजे... ओडोवा. त्याचं नाव कोण घेतं? ओगुटू तर तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागला, जसा काही बायकांच्या न्हाणीघरात शिरलाय. बाई त्याच्यावर ओरडल्या. "तुम्हाला ठाऊक होतं?" तो म्हणाला, "ते आम्ही बघत नाही."

बाई म्हणाल्या, थोडी खाऊन कोणाला काही होत नसेलही, पण अशी ओंजळी-ओंजळीने खाल्ली की माती पोटात ते मीठ धरून ठेवते आणि घेऊन जाते. आपण खातो ते रक्तात पोचतच नाही. आजी नव्हती दार वाजवत. बस बंद पडली तेव्हा मी बरी झाले होते, आठवतं? मीच तुला लिहिलं होतं, आणि दोघींनाही कळलं नाही.

आज घरी आले आहे. काळीज अधूनमधून अडखळतं, पण चालतं. आणि उशाशी तुझी सगळी पत्रं घेऊन बसले आहे. कुदळ जड झाली. हात गळतात. मांड्या कापसाच्या. माझ्यापेक्षा तू दुप्पट खातेस. आणि तू मला विचारलंस, मासा उलटल्यासारखं वाटतं का. मी असं कधी लिहिलं नव्हतं, अविटी. ते तू कुठून आणलंस?

आजच्या आज दवाखान्यात जा. मी सोबत संत्री पाठवतेय, ती खा. केळी खा.

अपोंडी


कोमोलो,
२६ मे १९९१

अपोंडी,

संत्री मिळाली. सासूला दिली.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. म्हणजे माझ्या हातची माती विष झाली तर. पाठ मोडेस्तोवर खणायची, धुरात डोळे फोडून सुकवायची, कंडक्टरच्या पाया पडून पाठवायची, आणि तुझ्या डॉक्टरणीने डबा उघडला की आम्ही गुन्हेगार. माझ्या आईने खाल्ली, तुझ्या आईने खाल्ली, या गावातल्या एकूणएक बाईने खाल्ली. कोण मेलं? मोठी झालीस हो. किनाऱ्यावर राहून खडूची बाई झालीस.

तुला काही झालं असतं तर मी... जाऊ दे. तू बरी आहेस ना, झालं तर मग. बाळ होईपर्यंत गप पडून रहा.

माझी चिंता नको. दवाखान्यात मी मागच्या दोन्ही वेळा गेले होते. तिथून काय घेऊन आले ते तुला माहीत आहे. आता जाणार नाही. मला उकिरड्यावरून उचललंय, मला काही होत नाही.

माशाचं विचारलं होतंस. सहज लिहिलं होतं.

अविटी


मोम्बासा,
८ जून १९९१

ओकेच दादा,

तुम्हाला मी आजवर कधी पत्र लिहिलं नाही. हे ओबिएरो तुमच्या हातात देईल, तुम्ही होड्यांपाशी असताना, घरी नाही. अविटीला कळलं तर ती माझ्याशी जन्मात बोलणार नाही. चालेल मला.

अविटी दिवसभर माती खाते. तुम्हाला ते ठाऊक आहे आणि तुम्ही बघत नाही, कारण आपल्यात पुरुष बघत नाहीत. आता बघा. लाज सोडा. तिचे पाय जातात, हात गळतात, आणि तिच्या काळजाचा ताल चुकतोय. ती तुम्हाला हे सांगणार नाही, ती हसेल. ती जितकी जास्त हसेल तितकं समजा की जास्त झालंय.

सोबत एक चिठ्ठी आहे. माझ्या डॉक्टरीणबाईंकडून लिहून आणली आहे. ती तुम्ही वाचायची नाही, खिशात ठेवायची. तिला काही झालं की उचलून मिशनच्या हॉस्पिटलात न्या आणि जो कोणी डॉक्टर असेल त्याच्या हातात आधी ही चिठ्ठी द्या. त्याने विचारायच्या आत द्या. कारण तो विचारील, काय खाते, आणि तुम्ही सगळे म्हणाल, उगाली.

तुमची बहीण समजा,
अपोंडी


मोम्बासा,
३० जून १९९१

अविटी,

मला मुलगा झाला. धडधाकट आहे. मीही आहे. नाव अजून ठेवलं नाही.

तुझं उत्तर नाही. ओबिएरोला विचारलं, तो म्हणाला, तू हल्ली बसच्या थांब्यावर येत नाहीस, मासे विकायलाही नाही. मी विचारलं, मग कोण येतं? तो म्हणाला, कोणीच नाही. आणि घाईघाईने बस सोडली त्याने. 

मी पोराला पाजताना स्वतःच्या काळजाचं ऐकत नाही आता. तुझं ऐकते. इथून काही ऐकू येत नाही.

शिव्या दे. भांड. एक ओळ पाठव. कोणाकडून तरी लिहवून घे, नुसता अंगठा उमटवून पाठव. मला आठवतं, लहानपणी तळ्यात बुडी मारायचीस आणि इतका वेळ वर यायची नाहीस की मी काठावर रडायला लागायचे. मग पलीकडून हसत वर यायचीस. आता ये वर. पुरे झालं.

अपोंडी


कोमोलो,
२२ जुलै १९९१

अपोंडी,

मी आहे.

अक्षर वाकडं आहे, हातात अजून जोर नाही. रोज थोडं थोडं लिहिते आहे.

तुझ्यावर रागावून मी आणखीच खाल्ली. तुला दाखवायला. तू बघत नव्हतीस तरी. मग एका सकाळी होड्यांपाशी जाळं ओढत होते आणि छातीतला तो मासा नुसता उलटला नाही गं, उड्याच मारायला लागला, आणि मग शांत झाला. एकदम शांत. मला वाळू दिसली अगदी डोळ्याजवळ. पुढचं ओकेचने सांगितलं. तो मला सायकलच्या मागे बसवून घेऊन गेला, लेसोने स्वतःच्या पाठीला बांधून, पोर बांधतात तशी. मिशनच्या डॉक्टरने विचारलं, काय झालं, काय खाते? तेव्हा तिथे जमलेल्या सगळ्यांनी म्हटलं, उगाली. ओकेचने खिशातून तुझी चिठ्ठी काढली आणि बायकांच्या देखत, सासूच्या देखत मोठ्याने म्हणाला, "माझी बायको माती खाते." सासूने कपाळावर हात मारला. त्याच्या आयुष्यात त्याला इतकी लाज कधी वाटली नसेल. डॉक्टर म्हणाला, चिठ्ठी नसती तर तो दुसरंच काही शोधत बसला असता.

आठवडाभर सलाईन. काळीज येतंय, जातंय. मी छताकडे बघत मोजत पडले होते, तू लिहायचीस ना, पुढचा येतोय का, तसंच. तू लिहिलेलं एकेक अक्षर मला तिथे कळलं. फेब्रुवारीपासून मी तुला हसत होते, आणि मार्चपासून माझंही चुकत होतं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला भीती वाटते हे कबूल करावं लागलं असतं, आणि अविटीला भीती कसली?

मुलगी झाली. दिवसांच्या आधीच झाली. एवढीशी आहे, ओकेचच्या दोन तळहातांत मावते. मांजराच्या पिलासारखी रडते, पण रडते. पहिली दोघं रडलीच नव्हती नीट.

घरी आणलं त्या दिवशी सासूने सगळी तयारी करून ठेवलेली. जुनं सूप, फाटकी चटई, फाटकाबाहेर राखेचा ढीग. दोन गेल्यानंतरचं तिसरं, म्हणजे टाकायलाच हवं. शेजारीण उचलायला उभी होती, तिने तर नवा लेसो नेसला होता. सासूने हात पुढे केले. "दे. मरणाला दिसायला नको की ही आपल्याला हवीय. हिचंही नाव अविटीच."

मी दिलं नाही, अपोंडी.

मी म्हटलं, आई, मला टाकलं होतं, आणि मी जन्मभर समजत राहिले की मला कोणी नेणार नाही. त्या भरवशावर मी माझा आणि हिचा जीव घालवत होते. हिला तसं काही सांगायचं नाही. हिला टाकायची नाही. सासू रडायला लागली, म्हणाली, "अगं, मग हिला काही झालं तर?" मी म्हटलं, होईल का काय मला माहीत नाही. भीती वाटते. खूप वाटते. वाटू दे.

पोरीला छातीशी धरून आत गेले. नाव शोधतो आहोत. तुझ्या आजीचं नाव तुझ्या मुलाला चालणार नाही, ते शिल्लकच आहे, म्हातारी राजी असेल तर आम्ही घेतो. विचार तिला, मोठ्याने, न्हाणीघरात.

डबा पाठवते आहे. उघडायला घाबरू नकोस, सुके मासे आहेत. टेकडीवर जाणाऱ्या पोरींना मी हाकलून लावते, त्या मला वेडी म्हणतात. मला अजून खावीशी वाटते. रोज. धुराच्या फळीखाली उभी राहिले की तोंडाला पाणी सुटतं आणि हात वर जातो. मग मी आत येऊन पोरीच्या छातीला कान लावते. एवढासा ठोका आहे, पण एकामागून एक येतो. मी ऐकत बसते, आणि प्रत्येक वेळी पुढचा येईपर्यंत माझा जीव टांगलेला असतो.

तू ये. पोराला घेऊन ये. मला एकटीला भीती वाटते.

तुझी,
अविटी